आपत्तीनंतर परदेशातल्या शाळेशी जोडी कशी जमवावी

परदेशात कुठे भूकंप झाला, वादळ आलं, की तिसऱ्या दिवशी आपल्याकडच्या एखाद्या शाळेच्या फाटकाशी खोका येतो. चौथ्या दिवशी पेपरात फोटो. महिन्याभराने तो खोका हेडमास्तरांच्या कपाटावर चढलेला असतो आणि आत चार जुने स्वेटर, एक फाटका रेनकोट. याला ‘दोन शाळांची भागीदारी’ म्हणणारे मी बरेच पाहिलेत. त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही.

आपत्तीनंतर तिकडच्या शाळेशी जोडी जमते ती एकाच गोष्टीने. त्यांच्याकडून आपल्याला काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते आपण मागितलं पाहिजे. नुसते देणारे म्हणून गेलात तर दोन पत्रांत विषय संपतो, कारण घेणाऱ्याकडे ‘धन्यवाद’ याखेरीज लिहायला काही उरत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरणं मी नेपाळची देते. लिपी तीच, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळेतलं सातवीचं पोरही तिकडच्या मुलाचं नाव पहिल्या झटक्यात वाचतं. घड्याळात फरक फक्त पंधरा मिनिटांचा, ते पुढे. आणि नेपाळी कुटुंबं आपल्या गावांत वर्षानुवर्षं राहतात. म्यानमार किंवा श्रीलंकेतली शाळा असेल तर रीत हीच, फक्त भाषांतर करणारं भरवशाचं माणूस आधी गाठा.

कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅन करायला मोबाईल आणि संध्याकाळी फोन उचलणारा एक शिक्षक, एवढं तुमच्याकडे आहे असं धरून चालते.

आधी थांबा

नेपाळचा २०१५ चा भूकंप घ्या. २५ एप्रिल, तिथल्या घड्याळात दुपारी बाराला चार मिनिटं कमी. वार शनिवार. नेपाळात शनिवारी शाळेला सुट्टी असते, म्हणून वर्ग रिकामे होते. साधारण ९,००० माणसं गेली. मेच्या मध्यावर शाळा उघडायचं चाललं होतं, तोवर १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला. शेवटी ३१ मे रोजी शाळा सुरू झाल्या, त्यातल्या कितीतरी बांबू, ताडपत्री आणि पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत. सरकारी पाहणीत ८,००० हून जास्त सामुदायिक (म्हणजे सरकारी) शाळांना फटका बसल्याची आणि २५,००० वर वर्गखोल्या पुरत्या पडल्याची नोंद आहे.

त्या मे महिन्यात तिथला हेडमास्तर काय करत असेल? पटावरची मुलं मोजत असेल. कुठली भिंत उभी आहे आणि कुठली नुसती उभी दिसते, हे बघत असेल. त्यात आपला फोन: ‘आम्ही बेळगावहून बोलतोय, आम्हाला तुमच्या शाळेशी मैत्री करायची आहे.’ तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

तीन-चार महिने जाऊ द्या. तोवर कॅमेरे गेलेले असतात, मोठ्या संस्थांच्या गाड्या कमी झालेल्या असतात, आणि मास्तर रोज त्याच पत्र्याखाली शिकवत असतो. तेव्हा आलेला फोन तो नीट ऐकतो. ‘इतक्या उशिरा काय उपयोग?’ असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणणारच. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

शाळा शोधणं

टीव्हीवर ज्या गावाचं नाव ऐकलंत ते सोडून द्या. बारपाक आणि लाङटाङ ही नावं २०१५ मध्ये जगभर गेली. मदतही तिकडेच वळली. सगळ्यात जास्त बाधित म्हणून सरकारने ठरवलेले जिल्हे १४ होते. त्यात रामेछाप, ओखलढुङ्गा, सिंधुलीही होते. आपल्याकडे किती जणांना ही नावं आठवतात? ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री जाजरकोट आणि पश्चिम रुकुममध्ये भूकंपाने दीडशेवर माणसं गेली. आपल्याकडे ती बातमी जेमतेम दोन दिवस टिकली. शोध अशा ठिकाणी सुरू करा.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने शालेय शिक्षण स्थानिक पातळीवर दिलं. म्हणजे आपल्याकडे जसं बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस, तसं तिथे गाउँपालिका किंवा नगरपालिकेची शिक्षा शाखा. तिथे विचारा. दुसरी वाट घराजवळची आहे: रात्री गल्लीत शिट्टी वाजवत फिरणारे गुरखे, हॉटेलात काम करणारी मुलं. त्यांच्यापैकी कोणाचा भाऊ, कोणाची वहिनी गावाकडे शिक्षक असते. माझा भरवसा या दुसऱ्या वाटेवर जास्त आहे, कारण ओळखीतून आलेला फोन माणूस परत करतो.

त्या कुटुंबातलं मूल तुमच्याच वर्गात असेल तर एक पथ्य पाळा. त्याला वर्गापुढे उभं करून ‘सांग बाळा, तुझ्या देशात काय झालं’ म्हणायचं नाही. आईवडिलांशी घरी जाऊन बोला. ते मूल आपणहून पुढे आलं तर उत्तम, नाही आलं तरी उत्तम.

शाळा निवडताना जोड बघा. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या दोन शिक्षकी शाळेने तशीच डोंगरातली छोटी शाळा शोधावी. बेळगाव शहरातल्या दोन तुकड्यांच्या हायस्कूलने बाजारपेठेतली. आधीच तीन-चार संस्थांनी हात ठेवलेली शाळा टाळा. आणि हेडमास्तरांच्या होकारावर खूश होऊ नका. पत्रं लिहिणारा, स्कॅन करणारा शिक्षक कोण, हे नावानिशी विचारून घ्या. ते नाव मिळत नसेल तर ती शाळा नाही.

वर्ग सातवी किंवा आठवीचा. दहावी नको. आपल्याकडे एसएसएलसी, त्यांच्याकडे एसईई, दोन्ही वर्षाच्या शेवटी मानगुटीवर बसलेल्या.

कागदपत्रं

एसडीएमसीच्या (शाळेच्या देखरेख समितीच्या) बैठकीत ठराव, बीईओंना अर्ज (कन्नडमध्ये द्या, टेबलावरून लवकर हलतो), पालकांची लेखी संमती. खाजगी संस्थेची शाळा असेल तर संचालक मंडळाचा ठराव. झालं.

अर्जात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द जपून घाला. तो दिसला की फाइल डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) ऑफिसला जाते आणि तिथून कुठे जाते ते मी सांगू शकत नाही. ‘विद्यार्थ्यांचा पत्रव्यवहार व आपत्ती-सुरक्षेचा उपक्रम’ असं लिहा. खरंही तेच आहे.

पहिलं पाकीट

इथे सांभाळा. बाकी सगळं नीट करूनही जोडी इथेच मोडते, आणि आमचं गाडंही बराच काळ इथेच रुतून होतं.

नेहमी काय होतं ते सांगते. बाई फळ्यावर मायना लिहितात. खाली: ‘तुमच्यावर कोसळलेल्या भीषण संकटाची वार्ता ऐकून आम्हा सर्वांचे अंतःकरण हेलावून गेले.’ चाळीस मुलं ते उतरवून काढतात. सुवाच्य अक्षर असलेल्यांची पत्रं वर ठेवली जातात. पाकीट जातं. तिकडून एक पत्र येतं, शिक्षकाने लिहिलेलं, आभाराचं. मग काही नाही. आपली मुलं विचारतात, ‘बाई, उत्तर आलं का?’ आणि बाई म्हणतात, ‘तिकडे परिस्थिती वाईट आहे रे.’ परिस्थिती वाईट असेलही. पण उत्तर न यायचं कारण ते नव्हे. त्या पत्रांत उत्तर देण्यासारखं काही नव्हतं, एवढंच. चाळीस अनोळखी मुलांचं अंतःकरण हेलावलं, तर एकेचाळिसाव्या मुलाने त्याचं काय करायचं?

मग प्रशिक्षणात भेटलेला कोणी शहाणा सांगतो, ‘मुलांना मनातलं लिहू द्या.’ ऐकायला छान. पण दूरच्या देशातल्या भूकंपाबद्दल तेरा वर्षांच्या पोराच्या मनात असतं काय? टीव्हीवर दिसलेलं. तो तेच लिहितो आणि ते निबंधासारखंच होतं, फक्त चुका जास्त. दुसरा सांगतो, ‘तिकडच्या मुलांना त्यांचे अनुभव लिहायला सांगा.’ हा सल्ला वाईट आहे, आणि मी तो कोणालाही पाळू देणार नाही. ज्या मुलीची आजी ढिगाऱ्याखाली गेली, तिने ते आपल्या वर्गात वाचून दाखवलं जावं म्हणून कागदावर उतरवायचं? आपल्या मुलांना कोणी परक्याने असं विचारलं असतं तर आपण त्याला दारात उभं केलं नसतं. मूल आपणहून लिहिल, तेव्हा लिहिल. आलं तर साधं, शांत उत्तर द्यायचं. गहिवर नको, पेपरात तर मुळीच नको.

आम्हाला जे लागू पडलं ते असं. पहिल्या पाकिटात पत्र पाठवायचंच नाही. नकाशा पाठवायचा: घरापासून शाळेपर्यंतची वाट.

चित्रकलेच्या वहीचा पूर्ण कागद. प्रमाण नाही, दिशा नाही, पट्टी नाही. पण पाच गोष्टी दाखवल्याच पाहिजेत: वाटेत थांबतो कुठे, घाबरतो कुठे, पावसाळ्यात पाणी कुठे येतं, पाय कुठे घसरतो, आणि अचानक काही झालं तर पळत जायचं कुठे. नावं देवनागरीत, मोठ्या अक्षरात. कागदाखाली तीन प्रश्न, आणि प्रश्न असे की त्याचं उत्तर त्या मुलालाच ठाऊक असेल, गुगलला नाही. ‘तुमच्या शाळेची घंटा कशाची आहे?’ ‘चढावर दप्तर कोण उचलतं?’ ‘पावसात वह्या कोरड्या कशा ठेवता?’ ‘नेपाळची राजधानी कोणती’ लिहिणाऱ्याचा कागद परत द्या.

आता बघा काय होतं. आपल्या सीमाभागातल्या मुलांना संकट काय असतं ते टीव्हीवर बघावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, वेदगंगा, दूधगंगा सगळ्या एकदम अंगावर आल्या. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर हायवेच पाण्याखाली गेला. चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाककडच्या कितीतरी शाळांतच गंजी केंद्रं, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावण्या, उघडली होती. ‘पाणी कुठे येतं’ असं विचारलं की पोरं खोडरबर न घेता काढतात. आमच्या एका मुलाने शाळेमागच्या माळावर एक चौकोन काढून लिहिलं होतं, ‘इथे आमच्या म्हशी बांधल्या होत्या.’ बस, एवढंच. तिकडून त्याच्या गटाला जे उत्तर आलं, त्यात पुराचं दुःखबिख काही नव्हतं: म्हशी किती, पाण्यातून त्यांना नेलं कसं, वैरण कुठून आणली, दूध कोण काढत होतं. त्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा दोन पानं भरून लिहिलं. त्याला माहिती होती आणि कोणीतरी ती मागत होतं.

यातच सगळं आलं. आपण पुराबद्दल सांगू शकतो, ते भूकंपाबद्दल. दोघांनाही दुसऱ्याचं ठाऊक नाही. इथे दाता कोणी नाही.

पाकिटाबरोबर शिक्षकाचं एक पानी पत्र जावं आणि त्यात मागणं असावं. स्पष्ट मागणं. ‘आमच्या शाळेत भूकंपाची कवायत कोणालाच नीट येत नाही. तुमच्या मुलांनी आमच्या मुलांना शिकवावी.’ हे खोटं सौजन्य नाही. कोयनेचा १९६७ चा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपल्या आजी-आजोबांना आठवते, पण बाकाखाली नेमकं कसं शिरायचं, डोकं कसं झाकायचं आणि बाकाचा पाय का धरून ठेवायचा, हे तुमच्या शाळेतल्या किती शिक्षकांना करून दाखवता येईल? मला तिकडच्या मुलांकडून शिकावं लागलं.

आता पथ्यं. ही मी ओळीने सांगत नाही, रागाने सांगते.

ज्या मुलांचं घर पुरात गेलंय त्यांना पूर काढायला लावू नका. त्यांनी नुसतं चिंचेचं झाड काढलं तरी कागद पूर्ण आहे. शुद्धलेखन सुधारू नका. ‘चांगले’ नकाशे निवडू नका. सगळे जातील, नाहीतर एकही नाही. एका मुलाला एक मित्र अशी जोडी लावू नका, कारण तिकडचं मूल शाळा सोडतं, कामाला जातं, गाव बदलतं, आणि इकडचं मूल वर्षभर डाकेकडे डोळे लावून बसतं. चार-पाच जणांचा गट इकडे, चार-पाच जणांचा गट तिकडे. एक गळलं तरी पत्र येतं.

आणि सर्वात महत्त्वाचं: हे नकाशे फेसबुकवर, स्टेटसवर, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. कोणती मुलगी रोज किती वाजता कुठल्या उसाच्या बांधावरून एकटी जाते, हे त्यावर काढलेलं असतं. कागदावर फक्त पहिलं नाव. आडनाव नाही, घर नंबर नाही, वडिलांचा फोन नाही. उपक्रमाचा फोटो हवाच असेल तर मुलांच्या पाठीमागून, कागद दिसणार नाहीत असा काढा. यावर आमच्या स्टाफरूममध्ये भांडण झालं होतं. पुन्हा झालं तरी मी माघार घेणार नाही.

भाषेचं काय? प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहावं, शिक्षकाने खाली सारांश द्यावा. नेपाळातल्या बऱ्याच मुलांना सिनेमामुळे हिंदी समजतं, पण ‘तुम्हाला हिंदी येतंच की’ असं गृहीत धरून लिहू नका. आधी तिथल्या शिक्षकाला विचारा. आपल्या भाषेऐवजी दुसरी भाषा गृहीत धरली की कसं वाटतं, हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये.

तसंच देशाचे नकाशे एकमेकांना पाठवू नका. कालापानी-लिपुलेखच्या भागावरून २०१९-२० पासून दोन्ही देशांचे नकाशे जुळत नाहीत, आणि सातवीच्या वर्गाने तो प्रश्न सोडवायचा नाही. २०१५ च्या सप्टेंबरपासून काही महिने सीमेवर ट्रक अडकले होते, नेपाळात गॅस आणि पेट्रोलचे हाल झाले, आणि तिथे बऱ्याच जणांनी त्याचा दोष भारताला दिला. मोठ्या मुलांच्या पत्रात हा विषय येऊ शकतो. ते वाक्य खोडू नका. आपली मुलं उत्तर देतील. भाषेवरून ताण वाढला की कोल्हापूरच्या बसगाड्या बंद होतात आणि मामाच्या गावाला जाणं राहतं, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

पाकीट स्कॅन करून पाठवा, तिकडे प्रिंट काढतील. मूळ कागद जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाबरोबर. व्हॉट्सॲपबरोबर ईमेलही चालू ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने काही दिवस समाजमाध्यमं बंदच केली होती.

उत्तराला वेळ लागेल. एकदाच आठवण करा. नुसतं आभाराचं पत्र आलं तर पुन्हा एकच नेमका प्रश्न पाठवा, आणि शक्य असेल तर हेडमास्तरांना सोडून थेट वर्गशिक्षकाला.

पैसे आणि वस्तू

पहिलं वर्षभर एक रुपया नाही, एक वही नाही. हे कठोर वाटतं, पण सोयरीक जमवताना देण्याघेण्याची बोलणी आधी काढली की पुढे सगळं त्याच मापाने मोजलं जातं, तसंच इथेही.

वस्तूंचं तर विचारूच नका. २०१५ मध्ये काठमांडूचा विमानतळ हा देशातला एकमेव आंतरराष्ट्रीय विमानतळ होता. मदतीच्या विमानांच्या भाराने धावपट्टी खराब झाली आणि ३ मेपासून मोठी विमानं उतरवणं थांबवावं लागलं. अशा वेळी आपले जुने स्वेटर कोणाची तरी जागा अडवतात. जमिनीवरून पाठवाल तर सीमेवर रक्सौल (आपल्याकडचं) ते बीरगंज (त्यांच्याकडचं) इथे कस्टम आहे. आणि वह्या बीरगंजलाही मिळतात.

पैशाचे नियम थोडक्यात. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने भारताबाहेर खर्च केला तर त्या रकमेवरची आयकर सवलत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय मिळत नाही. उलट तिकडून कोणी आपल्या संस्थेला पैसे पाठवले तर परकीय देणगी नियमन कायदा, २०१० लागतो. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेता येत नाहीत, आणि असेल तरी ते आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. एखाद्या पालकाला द्यायचेच असतील तर त्याने स्वतः, भूकंपासाठी काम करणाऱ्या मान्य संस्थेला द्यावेत. शाळेचं नाव त्यात नको. ‘आम्ही शाळा दत्तक घेतली’ असा फलक कोणी लावायला निघालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

वेळापत्रक

त्यांचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. तेव्हा आपल्याकडे सुट्टी. दसऱ्याला त्यांचं दशैं आणि पाठोपाठ तिहार, शाळा बराच काळ बंद. शनिवारी ते बंद, रविवारी आपण. मार्चमध्ये दोघांच्याही परीक्षा. हाती राहतात जून ते सप्टेंबर आणि नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी, सोमवार ते गुरुवार; शुक्रवारी त्यांची शाळा बऱ्याचदा अर्धा दिवस असते. आपल्याकडे एक नोव्हेंबरच्या (राज्योत्सव आणि काळा दिवस) आसपास काही ठेवू नका, कारण सांगायला नको.

जून ते सप्टेंबर पावसाचा. प्लास्टिकच्या बाटलीचा पर्जन्यमापक दोन्हीकडे एकाच मापाचा करा आणि आठवड्याचे आकडे एकमेकांना पाठवा. खानापूर तालुक्यातल्या धो धो पावसाच्या कणकुंबीकडच्या शाळेचे आकडे बघून तिकडची मुलं बाटली फुटकी आहे का म्हणून विचारतील. त्यांच्याकडे त्याच महिन्यांत दरडी कोसळतात, म्हणून त्यांनाही हे आकडे कामाचे. आणि रस्ता बंद झाला की पत्र उशिरा येणार, हे आपल्या मुलांना आपोआप कळतं.

जानेवारीत मुख्य कार्यक्रम. १५ जानेवारी १९३४ च्या महाभूकंपाची आठवण म्हणून नेपाळात दरवर्षी माघ महिन्याच्या दुसऱ्या दिवशी भूकंप सुरक्षा दिवस पाळतात. आदल्या दिवशी त्यांची माघे संक्रांत असते, तिळाचे लाडू त्यांच्याकडेही. आपलं हळदीकुंकू, तिळगूळ सगळं त्याच आठवड्यात. त्या दिवसांतला एक तास ठरवा: त्यांची मुलं भूकंपाची कवायत शिकवतील, आपली मुलं भिंतीवरची २०१९ ची पाण्याची खूण दाखवून सांगतील की दप्तर, दाखले आणि धान्य कुठल्या उंचीवर ठेवायचं. ज्या गावात पूर आला नाही तिथे पावसाचे आकडे आहेतच.

व्हिडिओ कॉल त्याच दिवशी एकदा, अर्धा तास. रेंज गेली तर गेली.

बदली

जोडी जमली की तिचा खरा शत्रू म्हणजे शिक्षकांच्या बदल्यांचं आपलं कौन्सेलिंग. शिक्षकाची बदली होते आणि सगळं त्याच्या मोबाईलमध्ये निघून जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून शाळेच्या नावाचा ईमेल, शाळेची फाइल, आणि दुसरा एक शिक्षक प्रत्येक पत्रात जोडलेला. मुलं आठवीतून नववीत गेली की नव्या आठवीला त्यांनीच सगळं समजावून सांगावं. एक तास पुरतो, आणि तुम्ही वर्गाबाहेर उभ्या राहा.

आपल्याकडे पुन्हा पूर आला तर लपवू नका. उलट पहिल्याच आठवड्यात कळवा. मागच्या खेपेला तिकडून पावसाचे आकडे मागवणारा मेसेज आला होता, ‘आज बाटली किती भरली?’ शाळेतच गंजी केंद्र होतं, तरी आमच्या पोरांनी मोजून पाठवलं.

कधीकधी जोडी संपते. दोन्ही सत्रांत काहीच आलं नाही तर तिकडे एक पत्र पाठवा की या वर्षी आम्ही थांबतोय, तुम्हाला वाटेल तेव्हा लिहा, आणि फाइल जपून ठेवा. दुसरी शाळा शोधायला हरकत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर तिकडच्या शिक्षकाचं नाव, दोन्हीकडच्या सुट्ट्या, आणि शेवटचं पत्र कोणाकडून बाकी आहे ते लिहा. हे पान जूनच्या पहिल्या आठवड्यातच भरा. बदलीचा आदेश हातात पडल्यावर कोणी भरत नाही.